माळावरची सावली : पांगारा की करंज?

कोल्हापुरात १९६२ साली ज्या सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ उभे राहिले, त्याच्या नावातील ‘माळ’ या शब्दातच जमिनीचे लक्षण आले : उथळ माती, खाली मुरूम. अशा भूमीत पांगारा नुसत्या फांदीपासूनही झपाट्याने वाढतो. परंतु ऐन फाल्गुनात तो लालभडक फुलतो तेव्हा निष्पर्ण असतो, आणि सावलीची निकड तर तेव्हाच सुरू होते. करंजाची वाढ त्या मानाने सावकाश. तथापि त्याची पानगळ अल्पकाळच टिकते. चैत्र-वैशाखात नवी पालवी व फिकट जांभळी फुले येतात. त्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. पाने कडू असल्यामुळे गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. चराऊ माळावर हा गुण मोठाच म्हणावयाचा. बी मात्र त्याच वर्षीचे घ्यावे.