व्याजाची चाल मुलांस कशी समजावावी

इयत्ता आठवीच्या गणितांत चक्रवाढ व्याजाचा पाठ आहे. मुलें सूत्र पाठ करतात, गुणही मिळवितात. परंतु आमच्या केदारखेड्याच्या शिवारांत मृगापूर्वीं कोणी ‘शेकडा दोन’ या बोलीनें पैसा उचलला, तर वर्षाचें व्याज किती, असें विचारतांच पुष्कळशीं ‘दोन टक्के’ म्हणतात. दोष मुलांचा नव्हे. ‘दरमहा’ हा शब्द बोलींत गृहीत असतो, आणि देणारा तो मुद्दाम उच्चारीत नाहीं.

शेकडा दोन म्हणजे सालिना चोवीस. हजार रुपयांचें व्याज न देतां तें दरमहा मुद्दलांत मिळवीत गेल्यास तीन वर्षांनीं सुमारें 2,040 रुपये होतात. तेच हजार सालिना सहा दरानें ठेवले, तर दुप्पट होण्यास बारा वर्षें लागतात. 72 ला वार्षिक दरानें भागिलें कीं दुपटीचीं वर्षें अदमासें निघतात. ही युक्ति मुलांस फार आवडते.

पूर्वींची बियाण्याची सवाई तर याहून फसवी. ज्येष्ठांत चार पायल्या नेऊन कार्तिकांत पांच दिल्या, एवढेंच दिसे. पण पांच महिन्यांस शेकडा पंचवीस म्हणजे वर्षाच्या हिशेबानें साठ! दिढीचें तर विचारूंच नये. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचे रोखे जाळले, तें असल्याच हिशेबांच्या ओझ्यानें. पुढें 1879 त दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. व्याज मुद्दलाहून अधिक देवविलें जाऊं नये, हा दामदुपटीचा जुना नियम 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमांतही आहे, व परवान्यावांचून सावकारी हा गुन्हा आहे. तथापि तोंडी व्यवहारांत मुद्दल किती हेंच सिद्ध होत नाहीं, हें मीं कारकुनींत पुष्कळदां पाहिलें.

सोसायटीचें 3 लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणारास सरकारी सवलतींमुळें बिनव्याजी पडतें. मुदत चुकली कीं सवलत गेली. म्हणून मुलांस घरचा रोखा, सोसायटीचें पासबुक व बचतगटाची वही आणावयास सांगावें, आणि दर महिन्याचा कीं वर्षाचा, मुदत कोणती, व्याज मुद्दलांत केव्हां मिळतें, एवढें त्यांतून शोधवावें.

एका मुलीनें घरच्या देण्यांचा हिशेब असाच मांडला. कापूस विकतांच वडिलांनीं शेकडा दोनचें देणें प्रथम वारलें. सोसायटीची मुदत अद्याप दूर होती.