पोट तुंबले तर एरंडेल पाजू नका



ऊस सोडून पोटाविषयी लिहितो आहे, याचे नवल वाटेल. गेल्या गळीत हंगामात माझे चुलते चार दिवस पोट फुगून घरी पडून होते. संडास नाही, वारा सरत नाही, कळा येतात. बद्धकोष्ठ समजून आम्ही एरंडेल पाजले. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ वाढून वाटच बंद झाली होती. संडासातून रक्त जात होते, ते त्यांनी सहा महिने लपवले. अशा वेळी जुलाब दिला तर कळा वाढतात, आतडे फुटण्याचाही धोका असतो. तोंडाने काहीही न देता, सर्जन असलेल्या दवाखान्यात लगेच न्यावे.

तेथे सलाईन लावतात, नाकातून नळी घालून पोट हलके करतात आणि सीटी स्कॅन काढून गाठ कोठे आहे ते पाहतात. ऑपरेशन बरेचसे त्यावर ठरते. गाठ उजव्या बाजूस असली तर तेवढे आतडे काढून बहुधा त्याच वेळी टोके जोडतात. डावीकडे पंचाईत असते. वरचे आतडे मळाने भरून ताणलेले, त्यामुळे जोड सुटून घाण पोटात पसरण्याची भीती. प्रकृती धड असल्यास काही सर्जन तिथेही जोड देतात. नाहीतर रोगट भाग काढून वरचे टोक पोटावर आणतात व खालचे शिवून आत ठेवतात. हार्टमन या फ्रेंच सर्जनने १९२१ साली ही पद्धत मांडली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखतात. रोगी फारच थकलेला असेल तर गाठीला हात न लावता नुसती वाट काढून देतात. मोरी तुंबली की आपण वरच्या अंगाला पाट फोडतो, तसेच. गाठीचे पुढे बघतात.

मोठ्या रुग्णालयांत दुर्बिणीतून गाठीत तारेच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. वाट मोकळी झाली की काही दिवसांनी तयारीनिशी ऑपरेशन करता येते. मात्र स्टेंटनेही आतडे फुटू शकते, म्हणून तो सर्वांना चालत नाही.

माणसे बिथरतात ती पिशवीला. "पोटावर संडास? त्यापेक्षा मेलेला बरा," असे चुलते म्हणाले आणि सहीपायी अर्धा दिवस गेला. पिशवी पुष्कळदा काही महिन्यांनी आतडे जोडून काढता येते. वयस्कर किंवा रोग पसरलेल्या माणसाची बऱ्याच वेळा कायम राहते. चुलत्यांची राहिली आहे. सदऱ्याखाली दिसत नाही. यंदा तोड आली तेव्हा ते रोज बांधावर उभे होते, आणि वाढ्यांवरून टोळीशी भांडतही होते.

— ऊस विकास अधिकारी