टायर ड्रेसिंग

टायर ड्रेसिंग हे मोटारगाडीच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर लावण्याचे प्रसाधन आहे. गॅरेजमध्ये आणि बोलचालीत त्याला 'टायर पॉलिश' म्हणतात. जुन्या, राखाडी किंवा तपकिरी पडलेल्या रबराला ते पुन्हा काळा रंग व चमक देते. या प्रसाधनाने टायरची पकड वाढत नाही, तसेच झिजलेले किंवा तडे गेलेले रबर पूर्ववत होत नाही. उलट ते चुकीच्या जागी लावल्यास टायरची पकड कमी होते. त्यामुळे त्याची निवड आणि वापर हा सौंदर्याइतकाच सुरक्षिततेचाही विषय आहे.

टायरचा रंग का बदलतो

शुद्ध रबर काळे नसते. रबराला बळकटी देण्यासाठी त्यात काजळीसारखी बारीक पूड, म्हणजेच कार्बन ब्लॅक मिसळतात व त्यामुळे टायर काळा दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हा वापर रूढ झाला. त्यापूर्वीचे टायर फिकट रंगाचे असत.

हवेतील ओझोन वायूमुळे ताणलेल्या रबराला तडे जातात. ते रोखण्यासाठी टायरच्या मिश्रणात मेण आणि ६पीपीडीसारखी ओझोनरोधक रसायने घालतात. गाडी उभी असताना मेणाचा पातळ थर रबराचे रक्षण करतो. चाक फिरताना रबर सतत वाकते व हा थर तुटतो, तेव्हा ओझोनरोधक रसायन उपयोगी पडते. ही द्रव्ये हळूहळू आतून पृष्ठभागावर येतात आणि हवेशी संयोग पावून तपकिरी होतात. म्हणजेच टायरवरची तपकिरी छटा केवळ रस्त्याच्या धुळीची नसते. तो टायरच्या संरक्षणक्रियेचाही परिणाम असतो.

प्रकार व निवड

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची ड्रेसिंग मिळतात.

पाण्यावर आधारित: हे बहुधा दुधासारखे पांढरे असते. त्यात सिलिकॉन तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळलेले असतात. याची चमक सौम्य असते. ते रबराला सहसा अपाय करत नाही, मात्र पावसात लवकर धुपते.

द्रावकावर आधारित: हे पारदर्शक व तेलकट असून त्यात खनिज तेलापासून मिळणारे द्रावक असते. याची चमक अधिक असते व ती अधिक काळ टिकते. मात्र त्याला तीव्र वास येतो, ते ज्वलनशील असू शकते आणि ओलसर राहिल्यास धूळ धरून ठेवते. वारंवार वापरल्यास यातील द्रावक रबरातील संरक्षक मेण विरघळवू शकते.

घरगुती वापरासाठी पाण्यावर आधारित प्रकार अधिक योग्य मानला जातो. डिझेल, रॉकेल किंवा वापरलेले इंजिन ऑइल टायरला फासण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. अशा तेलांनी रबर फुगते व मऊ पडते, म्हणून ती टाळणे आवश्यक आहे.

लावण्यापूर्वीची तपासणी

चमकदार थराखाली बारीक तडे झाकले जातात. त्यामुळे टायर धुतल्यावर, पण ड्रेसिंग लावण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

* बाजूच्या भिंतीवर तडे, काप किंवा फुगवटा आहे का.
* नक्षीची खोली किती उरली आहे. मोटारगाडीसाठी १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा मानतात. खाचांमधील उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, की टायर बदलावा. असा झिजलेला टायर बोलीभाषेत 'गोटा' झाला असे म्हणतात.
* टायर किती जुना आहे. भिंतीवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, २४२३ म्हणजे २०२३ सालचा चोविसावा आठवडा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही टायरच्या नव्या चमकेवर विसंबून न राहता याच खुणा पाहणे हितावह ठरते.

लावण्याची पद्धत

गाडी सावलीत उभी करून चाके थंड होऊ द्यावीत. टायर साबणाच्या पाण्याने व ताठ ब्रशने घासावा. तपकिरी फेस येणे थांबून पांढरा फेस येईपर्यंत ही क्रिया करावी, कारण जुना थर राहिल्यास नवे ड्रेसिंग नीट बसत नाही. टायर पूर्ण सुकल्यावर स्पंजावर थोडे ड्रेसिंग घेऊन ते केवळ बाजूच्या भिंतीवर पातळ पसरावे. डब्यावर सांगितलेला वेळ ते मुरू द्यावे आणि उरलेला ओलावा कोरड्या कापडाने पुसावा. जाड थर तसाच ठेवून गाडी चालवल्यास द्रव उडून पत्र्यावर शिंतोडे पडतात. पुढे पुन्हा रंगकाम करायचे झाल्यास सिलिकॉनच्या अशा डागांवर रंग नीट धरत नाही.

सुरक्षितता

ड्रेसिंग नक्षीवर किंवा ब्रेकच्या चकतीवर लागू देऊ नये. फवारा वापरायचाच असल्यास तो थेट चाकावर न मारता स्पंजावर मारावा. दुचाकीच्या टायरला ड्रेसिंग लावू नये. वळणावर दुचाकी कलते, तेव्हा टायरचा कडेचा भागही रस्त्याला टेकतो व घसरण्याचा धोका निर्माण होतो.

घाटरस्त्यांवर या दक्षतेचे महत्त्व विशेष जाणवते. सातारा जिल्ह्यातील खंडाळा (लोणावळ्याजवळील खंडाळा वेगळे) हे तालुक्याचे ठिकाण पुणे–सातारा महामार्गावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आहे. येथील वाहतूक घाटातून आणि बोगद्यातून होते. घाटरस्त्यावर उतार व वळणे लागतात. अशा ठिकाणी गाडीचा वेग आणि दिशा टायरच्या पकडीवर व ब्रेकवर अवलंबून असते. म्हणून प्रवासाच्या तोंडावर ड्रेसिंग लावून लगेच निघू नये.

पर्यावरण

टायर धुतलेल्या पाण्यात साबण, तेल व रबराचे कण असतात. ६पीपीडीपासून ओझोनमुळे तयार होणारे एक संयुग कोहो सॅमन माशांना मारक असल्याचे २०२० साली अमेरिकेतील संशोधनातून दिसून आले. हे संयुग प्रामुख्याने रस्त्यावर झिजणाऱ्या टायरमधून पाण्यात जाते. तरीही धुण्याचे पाणी विहीर, ओढा किंवा नदीत जाऊ न देणे आणि नळी सोडून ठेवण्याऐवजी बादलीने धुणे इष्ट ठरते.