फासा वाईट पडला की कार्डच बदललं? स्टार खेळाडू ढेपाळतो तेव्हा काय करायचं



समजा, तुमच्याकडे एक सेल्समन आहे. दहा दुकानं फिरला की तीन ऑर्डर आणतो. दोन-तीन वर्षांचा हिशोब आहे तुमच्याकडे. पण गेल्या दोन आठवड्यांत तो ५० दुकानं फिरला आणि ऑर्डर आल्या फक्त १०. नेहमीच्या हिशोबाने १५ यायला हव्या होत्या. आता काय कराल? झापाल? दुसरा माणूस शोधाल?

उत्तर ठरवण्याआधी पाच मिनिटं माझ्याबरोबर अमेरिकेत चला. तिथे एक खेळ आहे, ज्यात हाच प्रश्न दर सीझनला पडतो.

टेबलावरचा बेसबॉल

१९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा खेळ बाजारात आणला. खऱ्या बेसबॉल खेळाडूंच्या खऱ्या सीझनच्या आकड्यांवरून प्रत्येकाचं एक कार्ड बनतं. तुम्ही संघमालक आणि मॅनेजर, दोन्ही. खेळाडू निवडायचे, अदलाबदल करायची आणि लीगमधल्या इतरांविरुद्ध सामने खेळायचे. आता हेच कॉम्प्युटरवरही चालतं.

तीन फासे टाकायचे. एक फासा कार्डाचा रकाना ठरवतो आणि उरलेल्या दोघांची बेरीज त्यातली ओळ. गंमत बघा, पहिल्या फाशावर १, २ किंवा ३ आलं तर निकाल तुमच्या बॅटरच्या कार्डावरून वाचायचा. ४, ५ किंवा ६ आलं तर समोरच्या पिचरच्या कार्डावरून! म्हणजे तुमचा खेळाडू कितीही भारी असला, तरी निम्म्या वेळा निकाल दुसऱ्याच्या कार्डावर लिहिलेला असतो.

बेसबॉलमध्ये दहा संधींत तीन हिट मारणारा बॅटर उत्तम समजला जातो. अशा बॅटरला ५० संधी दिल्या तर अपेक्षा १५ हिटची. पण निव्वळ फाशांच्या खेळामुळे १० किंवा त्याहून कमी हिट मिळण्याची शक्यता साधारण ८ टक्के असते. नियमित खेळणाऱ्याला सीझनमध्ये ६०० च्या आसपास संधी मिळतात, म्हणजे ५०-५० चे बारा तुकडे. गणित करा: असा एखादा रडका तुकडा सरासरी वर्षातून साधारण एकदा येतो. त्यात कुणाचा दोष नाही. कार्ड तेच आहे, फक्त फासे रुसलेत.

पण त्या दोन आठवड्यांत मॅनेजरचा जीव खालीवर होतो. तो घाबरून स्टारला पडत्या भावात देऊन टाकतो. लीगमधला दुसरा मॅनेजर याचीच वाट बघत असतो. तो कार्ड बघतो, तुम्ही कालचा स्कोअर बघता. सौदा तिथेच हरलात.

जीटर आणि डेव्हिस

खऱ्या मैदानातली दोन उदाहरणं घेऊ.

डेरेक जीटर, न्यूयॉर्क यांकीजचा तेव्हाचा कर्णधार. एप्रिल २००४ मध्ये सलग ३२ संधींत त्याला एकही हिट मिळाली नाही. मॅनेजर जो टोरी यांनी त्याच्यावरचा भरवसा सोडला नाही. सीझन संपला तेव्हा जीटरची सरासरी .२९२ होती आणि होमरन २३. त्या सीझनवरून बनलेल्या कार्डात त्या ३२ कोरड्या संधी वर्षभराच्या आकड्यात विरघळून गेल्या.

दुसरा ख्रिस डेव्हिस, बाल्टिमोर ओरिओल्सचा. २०१३ मध्ये त्याने ५३ होमरन मारले. २०१६ च्या सुरुवातीला त्याला सात वर्षांचा १६.१ कोटी डॉलरचा करार मिळाला. पुढची सरासरी बघा: २०१६ मध्ये .२२१, २०१७ मध्ये .२१५, २०१८ मध्ये .१६८. मग २०१८ च्या शेवटापासून एप्रिल २०१९ पर्यंत सलग ५४ संधी कोरड्या गेल्या. तो पुन्हा उभा राहिला नाही आणि २०२१ मध्ये निवृत्त झाला.

दोघांचाही वाईट काळ लोकांनी बघितला. फरक कशात होता? जीटरचा खड्डा एका एप्रिलमधला होता. डेव्हिसचा उतार वर्षानुवर्षं चालला होता. पहिल्याचे फासे वाईट पडत होते, दुसऱ्याचं कार्डच बदललं होतं.

म्हणून ‘धीर धरा’ एवढं सांगून भागत नाही. कुणासाठी धरायचा, हे ओळखता आलं पाहिजे.

विकण्याआधी तीन प्रश्न

१. तुकडा केवढा आहे? दोन आठवड्यांचा आकडा आणि दोन वर्षांचा आकडा एका तराजूत घालू नका.

२. कार्ड बदललंय का? ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’सारख्या कॉम्प्युटर गेममध्ये वय आणि दुखापतीने खेळाडूची क्षमता खरोखर घटते. म्हणून मुरलेला मॅनेजर सरासरीच्या आधी त्याचं रेटिंग बघतो. तुम्हीही तेच करा. सेल्समन रोज तेवढीच दुकानं फिरतोय का? दुकानदार त्याला आत बसवून बोलतात का? घरी काही अडचण आहे का? की समोरच्याचं कार्ड बदललंय, म्हणजे नवा स्पर्धक स्वस्तात माल देतोय?

३. आज सोडलं तर हातात काय येईल? वाईट काळात भाव सगळ्यात कमी मिळतो. बदली माणूस त्याच्याहून खरंच चांगला आहे का, की फक्त नवा आहे?

धीर धरणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. मॅनेजर स्टारला बॅटिंग ऑर्डरमध्ये थोडं खाली आणतो, एखादा सामना विश्रांती देतो. तुम्हीही आठवडाभर त्याचा रूट बदलून बघा, सोबत फिरा. पण संघाबाहेर काढू नका.

मी स्वतः ही चूक केली आहे. धंद्याच्या सुरुवातीला एका वाईट महिन्यावरून मी माझा सगळ्यात चांगला पोरगा काढला. वर्षभराचा हिशोब उघडून बघायचंही सुचलं नाही. तो शेजारच्या व्यापाऱ्याकडे लागला आणि दिवाळीपर्यंत पुन्हा जुन्या फॉर्मात आला. माझी जुनी गिऱ्हाइकं त्याच्यामागून गेली. महिना वाईट होता, माणूस नव्हे. हे मला उशिरा कळलं.

आजचं होमवर्क

वही घ्या. तुमचा सगळ्यात चांगला माणूस किंवा सगळ्यात जास्त खपणारा माल निवडा. त्याचा निदान वर्षभराचा आकडा काढा. हेच त्याचं कार्ड. खाली एक ओळ लिहा: ‘एवढे महिने सलग याच्या खाली राहिला, तरच मी निर्णय घेईन.’ ही ओळ आजच लिहा, डोकं शांत असताना. खड्ड्यात पडल्यावर लिहायला बसलात, तर हात थरथरतो.

आणि सुरुवातीच्या त्या सेल्समनचं काय? दहात तीन आणणाऱ्याला ५० भेटींत दहाच ऑर्डर मिळण्याचं गणित बॅटरसारखंच आहे. वर्षात ६०० दुकानं फिरणाऱ्याच्या वाट्याला ५० भेटींचा असा तुकडा सरासरी साधारण एकदा येतो. उद्या सकाळी त्याला चहा पाजा, शेजारी बसा आणि त्याचं कार्ड वाचा.

भेटूया पुढच्या भागात!