एका क्रियापदाचा दिवस

सकाळी 7. वारा देवनारच्या डम्पिंग ग्राउंडकडून वाहतोय, म्हणून खिडक्या बंद. चहा घेता घेता आजच्या स्पॅनिशच्या पाठाची वाक्यं काढते. क्रियापद इंग्रजी 'टेक'. नवा विद्यार्थी त्याला 'तोमार' हा शब्द पाठ करतो आणि मग सगळीकडे तोच लावतो.

8:30. कचऱ्याचा डबा दाराबाहेर. हे पहिलंच वाक्य: 'साकार ला बासुरा'. साकार म्हणजे बाहेर काढणं. 1927 पासून कित्येक दशकं मुंबईने आपला कचरा देवनारला पाठवला, त्यामुळे हे वाक्य इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

10 ते 12. ऑनलाइन वर्ग. माझा आग्रह असतो की इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणा. फोटो आपण 'काढतो'. स्पॅनिशमध्येही साकार चालतं. मुलाला शाळेत 'नेतो', तिथे येबार. स्टेशनला जायला अर्धा तास 'लागतो', तिथे तार्दार. गोळी 'घेतो', तिथे मात्र तोमारच. इंग्रजीने एका गाठोड्यात कोंबलेलं मराठीने आधीच वेगळं करून ठेवलंय. सगळंच जुळत नाही म्हणा. बूटही आपण 'काढतो', पण तिथे साकार नाही, कितार्से. परीक्षेची तर मजाच: आपण ती 'देतो', स्पेनमध्ये 'करतात', मेक्सिकोत 'सादर करतात'.

दुपारी 1:30. हिवाळ्यात माद्रिदला आता सकाळचे 9. तिकडच्या भाषांतराच्या फाइली येऊ लागतात. आज एका यंत्राचं माहितीपत्रक. 'टेक केअर' दिसलं की हात आपोआप 'तेनेर कुइदादो' टाइप करतो, म्हणजे 'सांभाळून'.

5. देवनार डेपोकडे. बस पकडायची आहे. स्पेनमधला माणूसही बस 'पकडतो': कोखेर. हाच शब्द मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात उच्चारला तर लोक तोंड लपवून हसतील, कारण तिथे तो शरीरसंबंधाचा अश्लील शब्द आहे. वर्गात हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. नंतर चारचौघांत फजिती होण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

रात्री 8:30. मेक्सिको सिटीत सकाळचे 9. तिकडच्या वाचकांसाठी माद्रिदचा मजकूर तपासते. प्रत्येक कोखेरच्या जागी तोमार किंवा आगारार.

स्पॅनिश शिकणार असाल, तर वहीत तीन रकाने आखा आणि इंग्रजी-स्पॅनिशच्या मधला मराठीला द्या. वाक्यं पुस्तकातली नकोत, आपल्या घरातली घ्या.