बिभा चौधुरी

बिभा चौधुरी (३ जुलै, १९१३ – २ जून, १९९१) या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होत्या. वैश्विक किरणांतील मेसॉन कणांचे वस्तुमान छायाचित्रण-काचांच्या साहाय्याने मोजणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्या पहिल्या महिला संशोधक होत.

मेसॉनविषयक संशोधन

कोलकाता विद्यापीठातून १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्यासमवेत संशोधन केले. प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचा दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी ठेवल्या जात. लेपातून कण गेला की सूक्ष्म ठिपक्यांची रेघ उमटे. रेघेची वळणे आणि ठिपक्यांची दाटी यांवरून कणाचे वस्तुमान काढता येई. ते इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट असल्याचे या दोघांनी १९४१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडले. दुसऱ्या महायुद्धामुळे अधिक संवेदनक्षम काचा मिळू न शकल्याने हे मापन अधिक अचूक करता आले नाही. पुढे ब्रिस्टॉल येथील सेसिल पॉवेल यांच्या गटाने याच पद्धतीने, मात्र सुधारित लेप वापरून, १९४७ मध्ये पायॉन शोधला. पॉवेल यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबई व नंतरचा काळ

मँचेस्टर येथे पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.चे संशोधन केल्यानंतर, १९४९ मध्ये होमी भाभा यांनी त्यांची टाटा संस्थेत निवड केली. नंतर त्यांनी अहमदाबाद व कोलकाता येथे काम केले. हयातीत त्यांना मोठा राष्ट्रीय सन्मान लाभला नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव दिले.