हिवाळी फुलकोबी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुलकोबीचा, म्हणजे बोलीतील फ्लॉवरचा, खाल्ला जाणारा गड्डा हे उमललेले फूल नसून फूल होण्याआधीच दाटीने वाढलेल्या कोवळ्या कोंबांचा समूह असतो. त्याला धरण्यासाठी ठरावीक तापमान लागते आणि तयार झाल्यावर तो शेतात थांबत नाही. या पिकातील बहुतेक जोखीम येथूनच सुरू होते. छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरसारख्या वसाहतींत हिवाळ्यात फ्लॉवर घरोघरी लागतो, म्हणून भोवतालच्या शेतकऱ्याला ते हमखास पैशाचे पीक वाटते.

गैरसमज: फ्लॉवर थंडीचे पीक असल्याने हिवाळ्यात कोणतेही वाण चालते.
वस्तुस्थिती: पुसा दीपालीसारखी हळवी, म्हणजे लवकर येणारी, वाणे साधारण २० ते २५ अंश सेल्सिअसला गड्डा धरतात, तर स्नोबॉल गटातील गरव्या वाणांना १० ते १६ अंश लागतात. हळवे वाण उशिरा लावल्यास पुरेशी पाने येण्याआधीच बटणाएवढा गड्डा धरतो आणि गरवे वाण लवकर लावल्यास नुसता पाला वाढत राहतो. मराठवाड्यात जानेवारीच्या पहाटे गारठा असला तरी दुपारी ऊन तापते, त्यामुळे गरव्या वाणांना मानवणारा काळ तोकडा असतो. रोपवाटिकेत सहा आठवडे रखडलेले रोपही असाच बटणगड्डा देते.

गैरसमज: दांडा पोकळ निघाला, की बोरॉन कमी पडले.
वस्तुस्थिती: बोरॉनच्या कमतरतेत पोकळी तपकिरी पडते आणि गड्ड्यावरही तसेच डाग येतात; दांडा चिरल्यावर पोकळी स्वच्छ, पांढरी दिसली तर बहुधा नत्राचा अतिरेक आणि भरभर झालेली वाढ हे कारण असते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत बोरॉन पिकाला कमी मिळते हे खरे, परंतु त्याची गरज आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने माती परीक्षणाविना ते टाकणे धोक्याचे ठरते.

गैरसमज: अळी वाढली, की फवारण्या वाढवाव्यात.
वस्तुस्थिती: फ्लॉवरवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने डीडीटीला दाद देणे सोडल्याची नोंद जावा बेटावर १९५३ मध्येच झाली होती, आणि त्यानंतर अनेक कीटकनाशकांची तीच गत झाली. एकच औषध वारंवार मारल्याने तगलेल्या अळ्यांचीच पिढी वाढते. म्हणून औषधे आलटूनपालटून वापरणे आणि पतंगाला भुलवणारी मोहरी सापळा पीक म्हणून कोबीवर्गीय पिकाच्या दर २५ ओळींमागे लावणे सुचवले जाते.

गैरसमज: पुंडलिकनगरच्या गाड्यावर भाव चढा, म्हणजे शेतकऱ्यालाही नफा.
वस्तुस्थिती: जाधववाडीच्या बाजार समितीतील हर्राशीत, म्हणजे लिलावात, भाव त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो आणि केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत फुलकोबी नाही. उन्हाने पिवळा पडलेला गड्डा शिळा नसूनही मागे पडतो. हा पिवळेपणा टाळण्यासाठी काढणीच्या काही दिवस आधी बाहेरची पाने मोडून गड्ड्यावर पालथी घालतात. मात्र भाव पडला म्हणून काढणी लांबवली, तर दाट गड्डा सुटतो आणि भातासारखा रवाळ होतो. त्यामुळे सगळी लागवड एकाच आठवड्यात उरकण्याऐवजी मानवणाऱ्या वाणांची रोपे टप्प्याटप्प्याने लावणे, हाच पडत्या भावापासूनचा शेतकऱ्याच्या हातातला बचाव असतो.